हिरवी तार

१

रविवारी सकाळी पोह्यांच्या ताटल्या धुऊन झाल्या की संघर्ष हात कोरडे करायचा, चष्मा पुसायचा आणि आबांची रेकॉर्ड लावायचा. घरात पाहुणे असोत, नळाला पाणी नसो, ह्या नेमात खंड नाही. आबा म्हणजे त्याचे वडील, बापूराव. दिवसा छापखान्यात खिळे जुळवायचे आणि संध्याकाळी गायन पार्टी घेऊन वस्त्यावस्त्यांत जयंतीचे कार्यक्रम करायचे. सबंध आयुष्यात त्यांची एकच रेकॉर्ड निघाली, छोटी, दोन बाजूंना दोन गाणी. एका बाजूला आबा एकटे. दुसऱ्या बाजूला आबांच्या मागे पाच-सहा बायकांचा कोरस, आणि त्या कोरसमध्ये त्यांची नवी नवरी, तुळसाबाई.

त्या बायकांत आपल्या आईचा आवाज कोणता, हे संघर्षला लहानपणापासून शोधायचं होतं. विचारलं की तुळसाबाई हसायच्या. "वळख की तूच. मायचा आवाज वळखंना व्हय रं?" आणि त्याला तो काही ओळखू यायचा नाही. रेकॉर्ड जुनी, घासलेली, सगळे आवाज एकात एक कालवलेले.

मीरा रोडला, हाटकेशमधल्या त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या वन बीएचकेत टीव्हीपेक्षा मानाची जागा रेकॉर्ड प्लेअरला होती. "माझ्या माहेरचे आले तर टेकायला जागा नाही, पण ह्या बाईसाहेबांना कोपरा पाहिजे," असं पंचशीला, म्हणजे संघर्षची बायको, नेहमी म्हणायची. म्हणायची खरी, पण त्याच्यावरची धूळ दर शनिवारी तीच पुसायची.

ह्या घरावर पावसाळ्यात संकट आलं. तुळसाबाई बाथरूममध्ये पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, सळई बसली, हाड जुळलंसुद्धा. तुळसाबाई मात्र उठल्या नाहीत. आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. जेवण विचारलं तर "नगं", पाणी विचारलं तर "ठिव तितं". एक दिवसाआड मिनल यायची, ती फिजिओथेरपीवाली गुजराती पोरगी, तोंडानं गोड आणि हातानं कडक. एकदा जाताना ती दारात थांबली.

"दादा, आजींचा पाय एकदम ओके आहे. पण त्यांना उठायचंच नाहीये ना. ह्या महिन्यात उभ्या नाही राहिल्या तर मग नाही राहणार. मसल पूरा गळून जाणार. आणि बेडवरचं म्हातारं माणूस म्हणजे... तुम्ही समजून घ्या."

संघर्षनं समजून घेतलं. आई जाणार, असं कोणीतरी पहिल्यांदाच त्याच्या तोंडावर सांगितलं होतं.

तुळसाबाई दिवसभरात एकच गोष्ट मागायच्या. "तेवढं ह्यांचं गानं लाव." तो लावायचा. पण प्लेअरच्या सुईच्या दांड्यातल्या तारा सुकून गेल्या होत्या. आबांचा आवाज कडव्यात आला, 'वाट लांब, पण सोबत हाय' ह्या ओळीशी पोचला की स्पीकरमध्ये खर्रकन काहीतरी फाटायचं आणि 'सोबत' हा शब्दच गायब व्हायचा. तो शब्द गेला की तुळसाबाई डोळे मिटून घ्यायच्या. दर वेळी, त्याच जागी.

संघर्षनं मनाशी ठरवलं की आबांचा आवाज अखंड ऐकू आला तर आई उठेल. आता ह्याला काय म्हणायचं? बुडत्याला काडीचा आधार असतो, ह्यानं तारेचा घेतला.

२

तारांचं काम त्याला नवं नव्हतं. हाटकेशच्याच एका इंडस्ट्रियल गाळ्यात तो इलेक्ट्रिक पॅनेलं जोडायचा. बोटाएवढ्या जाड केबली ते केसाएवढ्या तारा, सगळं त्याच्या हातून गेलेलं. लॅमिंग्टन रोडवरून त्यानं चांदीचा मुलामा दिलेली बारीक तार आणली. रविवारी डायनिंग टेबलावर जुनी चादर पसरली, भिंग, चिमटा आणि सोल्डरिंगची पेन्सिल मांडली आणि लग्नाच्या यादीला बसावं तशा गंभीर चेहऱ्यानं बसला.

रेकॉर्ड प्लेअरच्या दांड्यात चार तारा असतात. पांढरी आणि निळी डाव्या बाजूची, लाल आणि हिरवी उजव्या बाजूची. सुईच्या मागं तांदळाच्या कणीएवढे चार खुंट असतात, त्यांत त्या एकेक करून बसवायच्या. श्वाससुद्धा जपून घ्यावा लागतो. पंचशीलानं पंखा बंद केला, स्वतः घामाघूम झाली, पण बोलली नाही. तिला ठाऊक होतं, हा नवरा तार जोडत नाहीये, आईला जोडून ठेवतोय.

दुपारी काम झालं. त्यानं रेकॉर्ड ठेवली, ॲम्प्लिफायरवरचं मोनोचं बटण नेहमीसारखं दाबलं. रेकॉर्ड जुनी, एकाच माइकवर केलेली. ते बटण दाबलं की दोन्ही बाजूंचा आवाज एक होतो आणि खरखर कमी येते. सुई टेकवली.

आणि आबा लांब गेले.

आवाज बिघडला म्हणावं तर तसंही नाही. दोन घरं पलीकडे, दार लावून कोणी गात असावं इतका तो लांबून येत होता. ढोलकी पातळ झालेली, पेटीचा नुसता वारा. संघर्षनं सगळ्या जोडण्या भिंगातून तपासल्या. सगळ्या पक्क्या होत्या. मोबाइलवरच्या हौशी लोकांच्या ग्रुपवर विचारलं, तर एकानं लिहिलं, नवी तार आहे, महिनाभर वाजू द्या, मुरली की उघडेल.

"तार आहे का लिंबाचं लोणचं?" पंचशीला म्हणाली. "मुरायला ठेव मग बरणीत."

तो कसनुसा हसला. गाणं तसंच चालू होतं. आबांच्या त्या लांबच्या आवाजाखाली, जिथं एरवी ढोलकी असायची तिथं, आता मोकळी जागा होती. रिकाम्या खोलीची असते तशी. त्या जागेत काहीतरी वाजलं.

टक्. मग काहीतरी लादीवरून ओढल्यासारखं. सर्र.

टक्. सर्र.

आणि गाणं संपलं.

३

"कोन आलं?"

आतल्या खोलीतून तुळसाबाईंचा आवाज आला. संघर्ष धावत गेला. आईनं भिंतीकडचं तोंड वळवलं होतं. ती दाराकडे बघत होती. कित्येक दिवसांत तिनं आपणहून मान वळवली नव्हती.

"कोणी नाही आई. रेकॉर्ड लावली होती."

"रेकॉर्ड व्हय," तुळसाबाई म्हणाल्या. मग दाराकडे बघतच, "चाल वळखू येती की."

चाल संघर्षलाही ओळखू आली होती. आबांचा डावा पाय एका अपघातात अधू झाला. कार्यक्रमाहून टेम्पोतून परतताना टेम्पो उलटला आणि पाऊल चिरडलं. तेव्हापासून उजव्या हातात बाभळीची काठी आणि मागं ओढत येणारा डावा पाय. आणि त्या चालीला गाणं लागायचंच. तोंडानं गुणगुणल्याशिवाय त्यांचं पाऊल उचलत नसे. कोणी मध्येच बोललं, गाणं थांबलं, की पायही थांबायचा. त्यांना जिने नकोत म्हणून तर घाटकोपरची चाळ सोडून ही लिफ्टवाली बिल्डिंग घेतली होती. आबा ह्या घरात चार वर्षं राहिले आणि इथूनच गेले. काठी अजून मुख्य दारामागच्या खुंटीला होती.

हे सगळं ठीक होतं. पण रेकॉर्ड निघाली ती अपघाताच्या आधी. संघर्षचा जन्मही झाला नव्हता तेव्हा. त्या दिवशी स्टुडिओत आबा दोन धडधाकट पायांवर उभं राहून गायले होते. मग हा पाय ओढणारा माणूस त्या रेकॉर्डमध्ये आला कुठून?

असेल कोणीतरी, संघर्षनं स्वतःला समजावलं. स्टुडिओतला एखादा म्हातारा नोकर. जगात काठी काय एकट्या आबांनाच होती?

शिवाय त्यांच्या घरात भूतखेत, आत्मा असलं काही मानत नसत. आबांनी तर अर्धं आयुष्य त्याच्याविरुद्ध गाण्यात घालवलं. अंगात येणाऱ्या बायांवर, ताईत विकणाऱ्या बुवांवर त्यांची अशी गाणी होती की लोक हसून हसून लोळायचे. तो माणूस मरून परत येईल? आणि आलाच, तर सगळ्यात आधी तोच स्वतःला हसेल. ह्या विचारानं संघर्षला जरा बरं वाटलं, पण त्या दिवशी त्यानं रेकॉर्ड पुन्हा लावली नाही.

४

दुसऱ्या दिवशी आईनंच मागितली. संघर्ष कामावरून आल्यावर आणि पंचशीला भाईंदरच्या तिच्या पतपेढीतून परतल्यावर, दिवेलागणीला त्यांनी ती लावली.

ह्या वेळी पावलांच्या आधी एक आवाज आला. कडी सरकल्याचा. एकदा खट् आणि लगेच पुन्हा एक बारीक खट्. पंचशीलानं चमकून दाराकडे पाहिलं. त्यांच्या दाराची कडी अशीच दोनदा वाजते. तिचा खिळा ढिला आहे. दार बंद होतं. कडी लागलेली होती.

मग टक्, सर्र. टक्, सर्र. जरा जास्त वेळ.

"तुलाही ऐकू येतंय ना?" संघर्षनं विचारलं.

"येतंय," ती म्हणाली. "बंद कर."

तो उठणार इतक्यात आतून हाक आली, "पंचशीला, बाय, थोडा भात दी गं."

महिन्याभरानंतर आईनं भात मागितला होता. पंचशीला स्वयंपाकघरात गेली ती डोळे पुसतच. आता अशा वेळी रेकॉर्ड बंद कोण करणार?

मग रोजच लागू लागली. तुळसाबाई रोज थोडं जास्त खाऊ लागल्या. उशीला टेकून बसू लागल्या. मिनल तर खूशच झाली. "आजी, काय जादू केली? आज पाय माझ्या हाताला ढकलला तुम्ही!" घरात आनंदीआनंद हवा होता. पण रोज संध्याकाळी, त्या लांब गेलेल्या गाण्याखाली, पावलं आदल्या दिवसापेक्षा थोडी पुढं येत होती. संघर्ष स्पीकरकडे बघत बसायचा आणि नको नको म्हणताना मनात घराचा नकाशा उलगडायचा. हे दार. ही चपलांची मांडणी, इथं काठी जरा तिरकी पडली. हा सोफ्याचा कोपरा.

आणि एका संध्याकाळी लादी वाजली.

हॉलमध्ये शोकेससमोर एक लादी खालून पोकळ झाली होती. पाय पडला की ती डुगकन वाजायची. घरची माणसं सवयीनं तिला टाळून जात. त्या लादीचा आवाज जगात दुसऱ्या कशाचाच नव्हता, आणि तो रेकॉर्डमधून आला. डुग.

संघर्षनं विचार केला, आणि त्याला उत्तर सापडलंसुद्धा. सुई फार हळवी असते. खोलीतला आवाजसुद्धा ती टिपते, प्लेअरजवळ टाळी वाजवली तर स्पीकरमध्ये येते. म्हणजे हे रेकॉर्डमधलं नाही, ह्या खोलीतलंच आहे! त्यानं गाणं चालू ठेवून स्वतः लादीवर पाय आपटून पाहिला. स्पीकरमधून हुबेहूब आलं, डुग. त्याला इतकं हायसं वाटलं की तो मोठ्यानं हसला. "बघ, काही नाही! लादीचा आवाज आहे, सुई पकडतेय."

पंचशीला हसली नाही.

"पण मघाशी लादीवर पाय कोणी दिला?" ती म्हणाली.

संघर्षचा पाय लादीवरच होता. त्यानं तो हळूच उचलून घेतला. पंचशीलानं आतल्या खोलीकडे एकदा पाहिलं आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाली, "लादीपासून आईंचा पलंग किती लांब आहे? आबा त्यांना न्यायला तर आले नाहीत ना रे?"

"आपण मानत नाही असलं," संघर्ष म्हणाला. त्याचा आवाज त्याला स्वतःलाच पटला नाही.

५

दोन दिवस त्यांनी काहीबाही कारणं सांगून रेकॉर्ड लावली नाही. लाइट गेली, सुई धुवायची आहे, डोकं दुखतंय. तिसऱ्या दिवशी सकाळी संघर्ष कामाला निघाला, तर लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरच्या हंसाबेन चढल्या. हातात देवळातल्या प्रसादाची वाटी, चेहऱ्यावर हसू.

"सारु थयु, भाई! बा चलने लगी ना?"

"नाही हो काकी, अभी कहाँ," तो म्हणाला.

"अरे, क्या नहीं! परसों से बपोर को, दो-तीन बजे, आवाज आता है ऊपर से. लकड़ी का, टक-टक, टक-टक. हॉल में से अंदर के रूम तक जाता है, फिर बंद. हमको कोई तकलीफ नहीं हां, चलने दो. अच्छा है." आणि त्यांनी प्रसाद त्याच्या हातावर ठेवला.

लिफ्ट खाली पोचली. हंसाबेन गेल्या. संघर्ष मुठीत प्रसाद घेऊन तिथंच उभा राहिला, इतका वेळ की लिफ्टमधली बाई 'कृपया दरवाजा बंद करें' असं सारखं बजावायला लागली.

सकाळची कामवाली मावशी दुपारच्या आत जाते. पंचशीला संध्याकाळी येते. दुपारी आई घरात एकटी असते आणि आईला उभंही राहता येत नाही. रेकॉर्ड तर दोन दिवस लागलेलीच नाही.

का आईच चोरून उठते? म्हातारी माणसं करतात असं. त्यानं ह्या विचाराला घट्ट धरलं. पण आई पलंगावरून निघाली तर आवाज आतल्या खोलीतून हॉलमध्ये जाईल. हंसाबेन उलटं म्हणाल्या होत्या.

६

गाळ्यात त्या दिवशी त्याचं लक्ष नव्हतं. हात आपले आपण काम करत होते. एका नव्या पॅनेलमध्ये तो तारा बसवत होता. लाल वर, पिवळी तिच्या खाली, निळी तिच्या खाली, आणि हिरवी सगळ्यात तळाला. हिरवी म्हणजे अर्थिंग, अर्थिंगची पट्टी पॅनेलच्या तळाशी, हे त्याच्या हाताला वीस वर्षं शिकवलेलं होतं. झोपेत उठवून तार दिली असती तरी त्यानं हिरवी खालीच लावली असती.

त्याचा हात थांबला.

सुईच्या मागं चार खुंट. पांढरी आणि निळी लावताना तो खुणा वाचत होता. मग लाल घेतली, वर लावली. हिरवी घेतली, खाली लावली. खुणा वाचल्या होत्या का? त्या सुईला उजव्या बाजूचा हिरवा खुंट वर होता. लाल खाली होता.

लाल-हिरवी उलटी लागली होती! एवढंच झालं होतं. जुन्या एकमाइकी रेकॉर्डचं गाणं दोन्ही बाजूंना सारखंच असतं. एक बाजू उलटी जोडली आणि वर मोनोचं बटण दाबून दोन्ही एक केल्या, की सारखं ते सारखं एकमेकांना खाऊन टाकतं. गाणं पुसलं जातं. मागं उरतं ते फक्त जे गाण्यात नाही.

वीस वर्षं कसलेला वायरमन, आणि पोरानं करावी अशी चूक. करायला गेला एक नि होऊन बसलं भलतंच. तो स्वतःशीच हसला, आणि हसता हसता त्याला कळलं की आपल्यापुढं आता एक निवड आहे.

तार सरळ केली की आबांचं गाणं पुरं येईल आणि ती पावलं त्याच्याखाली बुजून जातील. पण आई भात मागते ती पावलांमुळं. पाय हलवते ती पावलांमुळं. गाण्यानं ती कधी उठली नव्हती. आणि ठेवावी तशीच, तर पावलं आता पलंगापाशी पोचलीत. पुढं कुठं जाणार?

तो भर दुपारी सुटी टाकून घरी आला. पंचशीलाला फोन केला, तीही निघाली. दार उघडताना कडी दोनदा वाजली आणि तो दचकला. सवयीनं मागं वळून पाहिलं. काठी खुंटीला होती.

आई उशीला टेकून बसली होती. केस विंचरलेले होते.

"कोणी विंचरले गं?" त्यानं विचारलं.

"म्याच. हात काय मोडलेत व्हय माजे?" तुळसाबाई म्हणाल्या. "तू ह्या येळंला? काय करायलास?"

"तार नीट करतोय, आई. उलटी लागली होती."

तुळसाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. "भ्यालास व्हय?" त्यांनी विचारलं.

त्याला खोटं बोलता आलं नाही. "हो. तू जाशील म्हणून भ्यालो."

"कर मग नीट," त्या म्हणाल्या. "गानं पुरं ऐकू दी. तितंच तर अडलंय."

७

ह्या वेळी त्यानं खुणा वाचल्या. एकदा भिंगातून, एकदा मोबाइलच्या उजेडात. लाल खाली. हिरवी वर. हाताला ते मुळीच पटत नव्हतं, पण त्यानं हाताचं ऐकलं नाही.

पंचशीला आली, पर्स खांद्यालाच ठेवून सोफ्यावर बसली. खिडकीतून दुपारचं ऊन हॉलभर पसरलं होतं. खाली भंगारवाला ओरडत चालला होता. कशालाही भ्यावं अशी ती वेळच नव्हती.

संघर्ष प्लेअरसमोर उकिडवा बसला. सुई टेकली.

आबा आले.

ढोलकीची थाप छातीवर बसावी अशी आली, पेटी उघडली, आणि मधोमध आबांचा आवाज, इतका जवळ की घशातली किंचित घोगरी कडसुद्धा कळावी. एवढी वर्षं आपण ह्या माणसाला भिंतीआडून ऐकत होतो, असं संघर्षला वाटलं, आणि त्याला रडू आलं. तो लपवायच्या भानगडीत पडला नाही.

चल सखे, उजेडाच्या गावाला,
हात दे गं माझ्या हाताला...

टक्. सर्र.

तार सरळ होती. हे यायला नको होतं.

टक्. सर्र.

आवाज स्पीकरमधून नव्हता. पाठीमागून होता. त्यानं दांडा उचलला. गाणं तुटलं. एक पाऊल अर्धवट वाजलं आणि तेही थांबलं.

"संघर्ष," पंचशीला पुटपुटली. "मागं बघ."

आतल्या खोलीच्या दारातून चार पावलं पुढं तुळसाबाई उभ्या होत्या. उजव्या हातात बाभळीची काठी. संघर्षची नजर आपोआप मुख्य दाराकडे गेली. खुंटी रिकामी होती. पंचशीलानं नुसती मान हलवली. तिनं दिली नव्हती.

आणि आईचा डावा हात. तो कोपरात वाकून अंगापासून जरा दूर, हवेत होता. बोटं मिटलेली. कोणाच्या तरी दंडाला धरावं तशी.

"थांबवलंस कशाला?" तुळसाबाई करवादल्या. "लाव की. ह्यांना चालताना गानं लागतंय, ठावं न्हाई का तुला?"

संघर्षनं नजर आईवरून न काढता घाईघाईनं सुई टेकवली. ती कडव्यावर पडली.

वाट लांब, पण सोबत हाय,
दमला तरी थांबू नको पाय...

'सोबत' हा शब्द आला. अख्खा आला. तुळसाबाईंनी डोळे मिटले नाहीत. त्यांनी पाऊल उचललं. टक्. मग दुसरं. ऊन त्यांच्या अंगावर होतं आणि लादीवर त्यांची एकटीचीच सावली पडली होती, हे संघर्षनं नीट पाहिलं. त्या शोकेससमोर आल्या. पोकळ लादीवर पाय पडला. डुग.

त्या लादीवरून पुढं गेल्या. आणि लादी पुन्हा वाजली.

खिडकीजवळच्या खुर्चीपाशी त्या पोचल्या, वळल्या, सावकाश टेकल्या. काठी खुर्चीला लावून ठेवली. धाप लागली होती, कपाळावर घाम होता, आणि महिनाभर भिंतीला दिसलेला तो चेहरा उन्हात लालबुंद झाला होता. पंचशीला धावली आणि तिनं सासूला कवेत घेतलं. तुळसाबाईंनी तिच्या खांद्यावरून बाजूला, जरा वर पाहिलं.

"बसता का?" त्यांनी विचारलं.

थोडा वेळ गेला. मग त्यांनीच मान डोलावली. "बरं."

गाण्याची शेवटची ओळ चालू होती. लादीवरून काहीतरी ओढत गेलं. सर्र. सर्र. आता काठीचा आवाज नव्हता. काठी आईपाशी होती. पोकळ लादी वाजली. सोफ्याचा कोपरा गेला. चपलांची मांडणी आली. तिथं ते थांबलं, कारण गाणं थांबलं होतं.

संघर्ष उठला. भीती कुठं गेली ते त्याला कळलं नाही. काठीशिवाय म्हाताऱ्या माणसाला कडी कशी निघणार, एवढाच विचार त्याच्या डोक्यात होता. त्यानं दार उघडलं आणि वडलांसारखं तो शेवटचं कडवं स्वतःच गुणगुणू लागला. भसाड्या आवाजात, सूर सोडून. सर्र. मागचा ओढता पाय पुढं निघाला. बाहेर पॅसेजमध्ये जाऊन त्यानं लिफ्टचं बटण दाबलं. लिफ्ट आली. त्यानं दोन्ही जाळ्या सरकवून दार उघडं धरलं, जितका वेळ आबांना लागायचा तितका वेळ. मग जाळ्या लावल्या.

"सावकाश, आबा," तो म्हणाला.

लिफ्ट खाली गेली. खालून कोणीतरी बोलावली असेल. हंसाबेनची देवळात जायची वेळ झालीच होती.

तो रिकाम्या पॅसेजमध्ये तसाच उभा होता, तेव्हा आतून हाक आली. पडल्यापासून असा खणखणीत आवाज त्या घरानं ऐकला नव्हता.

"आरं, तितं काय करायलास? दुसरी बाजू लाव!"

त्यानं येऊन रेकॉर्ड उलटली. सुई टेकवली. आबांनी पहिली ओळ टाकली आणि मागून बायकांचा कोरस उठला, नव्या तारेत प्रत्येक गळा वेगळा, मोकळा. खुर्चीत बसलेल्या तुळसाबाईंनी हनुवटी वर केली आणि त्यांच्याबरोबर गायला सुरुवात केली. आवाज चिरका झाला होता, श्वास अपुरा पडत होता. पण ओळीच्या शेवटी वर जाऊन एक हेलकावा घ्यायची त्यांची लकब होती, आणि अगदी त्याच क्षणी तोच हेलकावा स्पीकरमधूनही आला, कोरसमधल्या एकाच बाईच्या गळ्यातून.

"हीच!" संघर्ष ओरडला. "आई, ही तू!"

तुळसाबाई गाता गाता हसल्या आणि पुढची ओळ त्यांची चुकली.